चष्म्याचा नंबर तोच, मग पडद्यावर ठिपके कसले?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या ह्यांना (वय 58) 12 वर्षांपासून शुगर आहे. मागच्या महिन्यात कॉलनीत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे थेंब टाकून तपासलं आणि म्हणाले पडद्यावर बारीक लाल ठिपके आहेत, शुगरमुळे रक्तवाहिन्या खराब होतायत. ह्यांचं म्हणणं असं की पेपर मी नीट वाचतो, चष्म्याचा नंबर 3 वर्षं तोच आहे, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन 0.9, उपाशीपोटी शुगर 130 च्या आत, मग बिघडलंय काय? अजून एक, परवा सराफ्यात गर्दीत ह्यांच्या एका पायातली चप्पल निघून गेली आणि हे तसेच गराडूच्या ठेल्यापर्यंत चालत गेले, माझंच लक्ष गेलं. तेव्हा आम्ही खूप हसलो पण रात्री मला झोप नाही लागली.
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, ठिपक्यांचं तुम्ही आधी लिहिलंत आणि चप्पल शेवटी, पण माझ्या लेखी दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहेत कारण दोन्हीची मुळं शेजारीशेजारीच आहेत.

शरीरातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, 5 ते 10 मायक्रॉनच्या असतात आणि रक्तातली लाल पेशी 7-8 मायक्रॉनची, म्हणजे राजवाड्यामागच्या बोळातून एका वेळी एकच स्कूटर निघते तसं पेशींना एकामागे एक, अंग चोरून जावं लागतं. आता स्नायूंच्या पेशी साखर आत घ्यायला बरंचसं इन्सुलिनवर अवलंबून असतात, पण ह्या वाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशींना ते लागत नाही, रक्तात जितकी साखर तितकी आत शिरते, दार लावायची सोयच नाही. वर्षानुवर्षं असं झालं की डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी मरायला लागतात आणि भिंत मधेमधे फुग्यासारखी फुगते. शिबिरात दिसले ते लाल ठिपके बहुतेक हेच. गंमत अशी की भिंत जाड होते पण घट्ट होत नाही, उलट गळते, पाणी आणि चरबी झिरपून पिवळट डाग पडतात. पुढे काही वाहिन्या बंदच पडतात, मग उपाशी राहिलेला पडदा नवीन वाहिन्या मागवतो, त्या येतात पण इतक्या कच्च्या की कधीही फुटून डोळ्यात रक्त येतं. आणि पडद्याच्या मधल्या भागाला सूज येईपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत माणूस पेपर आरामात वाचतो! चष्म्याच्या नंबराचा ह्या ठिपक्यांशी काही संबंध नाही हे साहेबांना माझ्यातर्फे सांगा.

क्रिएटिनिनचंही तसंच. एकेका किडनीत साधारण 10 लाख गाळण्या, प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा गुंताच. आधी त्यातून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत गळायला लागतं, क्रिएटिनिन वाढतं ते बरंच नुकसान होऊन गेल्यावर. म्हणून लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोची टेस्ट करा, आकडा 30 (मिग्रॅ/ग्रॅम) च्या आत असेल तर चांगलं, 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झाली, त्याच्यावर म्हणजे बरीच आहे. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम ह्यानेही आकडा चढतो म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका, परत करून बघा. गळती पक्की निघालीच तर ती कमी करणारी औषधं आहेत, आणि लवकर सुरू केली तर त्यांचा उपयोग जास्त.

आता चप्पल. पायाच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही इतक्याच बारीक, शिवाय साखर नसांना थेटही त्रास देते, आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात म्हणून सुरुवात तळपायातून. बऱ्याचदा दुखत नाही, कळतच नाही. डॉक्टर 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून तपासतात, दोन मिनिटांचं काम. तोपर्यंत रोज रात्री तळवे तुम्ही बघा, ते बघणार नाहीत. आणि अनवाणी देवळात उन्हातल्या फरशीवरून प्रदक्षिणा नको.

130 चं म्हणाल तर ती एका सकाळची गोष्ट. लॅबमध्ये उपाशी जायचं आणि तिथून निघून थेट जीरावन घातलेले पोहे आणि जिलबी, ती शुगर कोण मोजतं? एचबीए1सी करा, त्यात मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी कळते. ब्रिटनमध्ये 5102 नव्या मधुमेहींचा मोठा अभ्यास झाला होता, 1998 मध्ये निकाल आले, एचबीए1सी 7.9 ऐवजी 7.0 ठेवलेल्यांना बारीक वाहिन्यांचे त्रास 25 टक्के कमी झाले. त्याच अभ्यासात बीपी जास्त नीट ठेवलेल्यांत हा फायदा 37 टक्के होता, त्यामुळे बीपीची गोळी विसरत असतील तर ती भानगड आधी मिटवा.

प्रश्न : वय 34, टाइप वन मधुमेह. 4 महिन्यांत एचबीए1सी 12 वरून 6.8 वर आणलं, सगळ्यांनी शाबासकी दिली, आणि डोळ्याचे डॉक्टर म्हणतात पडदा आधीपेक्षा बिघडला. मग मेहनत कशाला केली?
— एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : चिडणं साहजिक आहे. पण हे होतं, विशेषतः शुगर खूप जास्त असून झपाट्याने खाली आली आणि पडद्यावर आधीच थोडं काही असलं तर. अमेरिका-कॅनडात 1441 टाइप वन पेशंट्सवर जो अभ्यास झाला (निकाल 1993) त्यातही पहिल्या वर्षात कडक कंट्रोलवाल्यांपैकी काहींचे डोळे बिघडले होते, पण पुढच्या वर्षांत चित्र पार उलटलं, सुरुवातीला ज्यांचे पडदे स्वच्छ होते त्यांच्यात आजाराचा धोका 76 टक्के कमी झाला. त्यामुळे इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी करू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून सध्या तपासणी लवकर लवकर ठेवा, मधल्या भागाला सूज असेल तर डोळ्यातलं इंजेक्शन किंवा लेझर ते सांगतील. थेंब टाकल्यावर 4-5 तास धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात, तेव्हा गॉगल घेऊन जा आणि येताना स्कूटर दुसऱ्या कोणाला चालवू द्या.