गोधडी-क्विल्टिंगसाठी कटिंग मॅट कुठल्या आकाराची घ्यावी आणि ती किती वर्षं टिकते?

कटिंग मॅट म्हणजे कटरने कापड कापताना खाली घालायची चटई. आकाराचं आधी सांगून टाकते. टेबल कायमचं मांडलेलं राहत असेल तर २४ × ३६ इंच, नसेल तर ए-२, म्हणजे साधारण १७ × २३ इंच. ए-३ मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टला ठीक आहे. गोधडीचं कापड तिच्यावर सारखं सरकवावं लागतं आणि दर वेळी थोडं थोडं चुकत जातं. जाडी ३ मिमी बघा, आणि एका बाजूला तरी इंचाच्या रेघा हव्यात, कारण आपली माया (शिवणीत जाणारं कापड) पाव इंचाची असते.

आता टिकण्याचं. मॅट किती टिकेल हे ती घरी कशी येते यावर ठरतं.

आई गेल्यावर तिची सहा लुगडी माझ्याकडे आली. आम्ही तिघं भावंडं, तिघांना एकेक गोधडी करायची असं मी ठरवलं. आई स्वतः वाकळा हाताने शिवायची, पण मला या तीन नेमक्या मापाच्या, पट्ट्यांच्या करायच्या होत्या. लुगड्याचा पन्हा ४५ इंच, दुमडला की साडेबावीस, म्हणून २४ × ३६ची मॅट हवी. सोलापुरात मला ती मिळेना. दादा मुंबईहून येणार होता, त्याला सांगितलं. फोनवर दोनदा सांगितलं, सपाट आण, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आण.

मे महिना होता. दादाने मॅटची सुरळी केली, सुतळीने करकचून बांधली आणि डिकीत टाकली. भिगवणला जेवायला थांबले तेव्हा गाडी उन्हात तास-दीड तास उभी. घरी आल्यावर मी सुतळी सोडली तर मॅट उलगडेचना. हाताने दाबून उलगडली तेव्हा लांब बाजूचा एक काठ बोटभर वर उचललेला राहिला. या मॅटा व्हिनाइलच्या असतात. उन्हाने मऊ पडतात आणि ज्या आकारात थंड होतात तो आकार धरून बसतात. फरशीवर पालथी घालून वर गव्हाचा डबा ठेवला, आठ दिवस. काठ थोडा बसला, पूर्ण बसला नाही.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, त्याआधी गोधड्या व्हायला हव्या होत्या. जांभळ्या लुगड्याचं धड कापड पाऊण वारच उरलं होतं. त्याच्या आठ पट्ट्या आणि हिरव्याच्या आठ, प्रत्येक अडीच इंच, दोन्हीकडची माया जाऊन दोन. घडी माझ्या बाजूला, मोकळी टोकं समोरच्या उचललेल्या काठाकडे. पट्टी (मोजायची, सहा बाय चोवीसची) तिथे टेकतच नव्हती. दाबली की अलीकडचं टोक सुटायचं, सोडली की पलीकडचं. दुमडलेल्या कापडाचा खालचा थर हळूच सरकायचा आणि पातं त्याच्यावरून जायचं. कापताना कळलं नाही. शिवून झाल्यावर जमिनीवर अंथरली तेव्हा मधोमध बरोबर ३२ इंच, दोन्ही काठांशी ३४. प्रत्येक पट्टी टोकाला फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त होती, पण सोळा सूत म्हणजे दोन इंच. दोन्ही बाजूंना झालर धरल्यासारखी चुण्या पडल्या. आईच्या लुगड्याचे काठ त्या चुण्यांत वाकडेतिकडे पडलेले बघून मी तिथेच बसून रडले.

दादा म्हणाला, “तुझा हात हलला असेल. प्लास्टिक आहे ते, गुंडाळलं म्हणून त्याला काय होतंय?” हे तो आजही सगळ्या नातेवाइकांत सांगतो.

माझा हात हलला नव्हता. नंतर मी ए-२ची मॅट मागवली, ती पुठ्ठ्यात सपाट आली. त्याच हाताने, त्याच मोजपट्टीने, त्याच कटरने उरलेल्या दोन गोधड्यांच्या पट्ट्या कापल्या. कापड चौपदरी दुमडावं लागलं, पण एकही पट्टी सुताभरानेसुद्धा चुकली नाही. तुम्हाला तपासायचं असेल तर मोजपट्टी मॅटवर उभ्या कडेवर धरा आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर ती मॅट कापडाला वापरू नका. दुकानातही काउंटरवर ठेवून हेच बघा, आणि सुरळी करून देत असतील तर घेऊ नका. दुसऱ्या कुणाला आणायला तर मुळीच सांगू नका.

बाकी निगा तुम्हाला माहीत असेलच. तिच्यावर इस्त्री नको, चहाचा कपसुद्धा नको. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, ती पोटातून वाकते. मी गादीखाली सपाट ठेवते. धुताना गार पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. चिरांत अडकलेला कापसाचा भुगा पांढऱ्या खोडरबराने निघतो. मॅट ‘भरून येते’ म्हणतात ते धारदार पात्यापुरतंच खरं. बोथट पातं मॅट ओरबाडतं, आणि ती जखम बुजत नाही. पातं धागे सोडायला लागलं की बदला. रोज त्याच रेघेवर कापू नका, मॅट फिरवत राहा. माप पट्टीवरच घ्या, मॅटवरच्या रेघा अंदाजापुरत्या. कागदाला वेगळी मॅट आणि वेगळं पातं.

एक राहिलं. तुम्ही हातशिलाईची, धावदोऱ्याची गोधडी करणार असाल तर मॅट घ्यायची गरजच नाही. आई सुती लुगड्याला कात्रीने बोटभर चीर द्यायची आणि टर्रकन फाडायची. सुती कापड धाग्याच्या रेघेत फाटतं, कुठल्याही मॅटपेक्षा सरळ. कडेला दशा निघतात तेवढं बघावं लागतं. जुनं कापड फार विरलेलं असेल तर हे करू नका, भलतीकडेच फाटतं. आमचं जांभळं लुगडं तसंच विरलेलं होतं, म्हणून मी फाडलं नाही.

ती पहिली गोधडी मी उसवली. सोळाही पट्ट्या सव्वादोन इंचांवर छाटून पुन्हा शिवल्या. जांभळं कापड संपलं होतं, त्यामुळे नवीन पट्टी जोडता आली नाही. नव्या मॅटवरच्या दोन्ही गोधड्या दादाला आणि ताईला दिल्या, ही मी ठेवली. रुंदी ३२ऐवजी २८ इंच आहे, पण एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सगळीकडे २८. दादाने कधीही येऊन टेप लावून बघावी.