थारला बॉडी लिफ्ट? आधी टायर ठरवा

थार घेतलीत, झकास! पण लिफ्टची घाई नको. बॉडी लिफ्टमध्ये चॅसिस (गाडीची खालची लोखंडी चौकट) आणि बॉडीच्या मधे ठोकळे बसतात. बॉडी तेवढी वर जाते, डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा) मात्र होता तिथेच. दगडाला आधी तोच घासतो, आणि त्याला उचलतात फक्त मोठे टायर. ते चाकावरच्या कमानीत घासत असतील, तरच लिफ्टचा विचार करा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- हौसेपोटी ३-४ इंच चढवणं. १-२ इंच पुष्कळ.
- स्टिअरिंगचा दांडा, डिझेल भरायचा पाइप, अर्थिंगच्या वायरी ताणल्यात का, हे न बघणं.
- आरटीओ, विमा नंतर बघू म्हणणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आधी वाचा!

यंदाचा पावसाळा कंपनीच्या उंचीवरच काढा, चिखलात टायरची हवा कमी करायला शिका. तरी अडलात तर सांगा, सस्पेन्शन लिफ्टचं तेव्हा बोलू.