तालुक्याच्या बातम्यांच्या वेबसाइटला वाचक कसे वाढवायचे?

तुम्ही लिहिलंय की रोज वीस-पंचवीस बातम्या टाकूनही वाचक वाढत नाहीत आणि जाहिरातींचे पैसेही सुटत नाहीत. त्यातल्या तुमच्या स्वतःच्या बातम्या किती? मुंबईतलं राजकारण, क्रिकेट, सिनेमा हे सगळं मोठी वर्तमानपत्रं तुमच्या आधी देतात आणि गूगलवरही तीच वर दिसतात. ते टाकणं आजपासून बंद करा. मी गोदाकाठच्या गावांसाठी अशीच साइट चालवतो. आमचा वाचक टिकलाय तो दिवसाच्या चार-पाच बातम्यांवर, पण त्या दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

उदाहरण देतो. पावसाळ्यात जायकवाडीतून पाणी सोडलं की प्रेसनोट येते आणि 'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा' या मथळ्याखाली सगळीकडे जशीच्या तशी चिकटवली जाते. पण काठावरच्या शेतकऱ्याला विचारायचं असतं वेगळंच. 27 पैकी किती दरवाजे उघडले, किती फुटांनी? विसर्ग किती क्युसेक? गावचा पूल चालू आहे का? नदीतली मोटर आत्ताच काढावी की सकाळी? यासाठी पाटबंधारेच्या अभियंत्याला एक फोन आणि पुलाजवळ राहणाऱ्या माणसाला एक फोन करावा लागतो. विसर्ग बदलला की त्याच बातमीत वर वेळ टाकून भर घाला, दर वेळी नवी लिंक काढू नका. अशी लिंक लोक आपणहून गावच्या ग्रुपवर टाकतात. बाजार समितीचे भाव, पीक विम्याची मुदत, ग्रामपंचायतीची आरक्षण सोडत यांचंही तसंच.

लिंकवरून आठवलं, तिचा पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की बऱ्याचदा टक्केचिन्हं आणि आकड्यांची लांबलचक माळ होते. लोकांना ती फसवी लिंक वाटते आणि कुणी उघडत नाही.

गुन्ह्याच्या बातम्यांना क्लिक भरपूर मिळतात, म्हणूनच तिथे हात आखडता घ्या. लैंगिक अत्याचाराची बातमी असेल तर पीडितेचं नावच काय, गाव, शाळा, नातेवाईक यांवरूनही ती ओळखू येता कामा नये. लहान मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 लागतं. छोट्या गावात 'सरपंचाच्या शेजारचं घर' एवढं लिहिलं तरी ओळख पटायला पुरे होतं, आणि त्या घराला तिथेच राहायचं असतं. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि फोन साइटवर ठळक द्या. डिजिटल माध्यमांसाठीच्या केंद्राच्या 2021 च्या नियमांत तक्रार निवारण अधिकारी आणि 15 दिवसांची मुदत सांगितली आहे. त्यातल्या काही तरतुदी कोर्टात गेल्या, तरी चुकीची बातमी दुरुस्त करून घ्यायला वाचकाला माणूस हवाच.

पैशांचं म्हणाल तर अ‍ॅडसेन्सवर, म्हणजे गूगल साइटवर लावतं त्या जाहिरातींवर, घर चालणार नाही. खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत आणि मराठी साइटवरच्या जाहिरातींना दरही कमीच. कृषी सेवा केंद्र, क्लासेस, रोपवाटिका यांच्याकडे स्वतः जा आणि महिन्याचा ठराविक दर ठेवा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा घ्यायला हरकत नाही, पण त्यावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा आणि त्याच पुढाऱ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमी रोखू नका.