घाट चढत नाही म्हणून गाडी बदलावी का?

कन्नड तालुक्यातले एक शेतकरी वाचक लिहितात (पत्र मोठं आहे, थोडक्यात देते): "माझ्याकडे नोव्हेंबर २००६ च्या पासिंगची डिझेल इंडिका आहे, टर्बो नसलेली. लेक चाळीसगावला दिली आहे, महिन्यातून दोनदा जाणं होतं. येताना घाटात गाडी ओढत नाही. गेल्या श्रावणात वळणावरच बंद पडली. तापमानाचा काटा लालमध्ये, मागे गाड्यांची रांग, आणि गाडीत व्याही बसलेले. गॅरेजवाल्याने ५८,००० रुपये सांगितले. दुसरा म्हणतो, ४०,००० द्या, टर्बो बसवतो. मुलगा म्हणतो, अडीच लाखांची एफडी मोडा, सहा लाख कर्ज काढा आणि साडेआठ लाखांची नवी घ्या. आठ एकर शेती आहे, अद्रक, मका, कापूस. मुलगा अकरावीला आहे. काय करू?"

दादा, आधी उत्तर देते, मग कारणं. नवी गाडी यंदा घेऊ नका. टर्बो तर मुळीच बसवू नका. आणि ५८,००० ची पूर्ण यादीही एकदम मान्य करू नका. त्यातलं आणि त्यात नसलेलं मिळून साधारण २०,००० चं काम ताबडतोब करा, बाकीचं एका तपासणीनंतर ठरवू.

पहिला प्रश्न पैशाचा नाहीच. तुमची गाडी अशक्त आहे की आजारी, हा आहे. अशक्त तर ती जन्मापासून आहे. १,४०५ सीसीचं इंजिन, सुमारे ५३ अश्वशक्ती, आणि टर्बो नसल्यामुळे हवा जेवढी स्वतः ओढेल तेवढीच. आता घाटाचा हिशेब बघा. रिकामी गाडी हजार किलोच्या आसपास. तुम्ही चौघं आणि डिकीत सरकी पेंडीची दोन पोती (तुम्हीच लिहिलंय, चाळीसगावला स्वस्त पडते म्हणून आणता) धरली तर चौदाशे किलोच्या जवळ जातं. पंधरा मीटर पुढे गेलो की एक मीटर वर, असा चढ धरला, तर ताशी ४० च्या वेगाने हे वजन वर न्यायला चाकांपाशी १७ अश्वशक्ती लागते. ५३ मधून १७ म्हणजे सोपं वाटतं. पण ते ५३ मिळतात इंजिन जोरात फिरत असताना. चौथ्या गिअरमध्ये ४० ला इंजिन जेमतेम फिरत असतं, तिथे त्याच्याकडे एवढी ताकद उरत नाही. त्यात एसी चालू असेल तर आणखी कमी. मग आपण अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, डिझेल जास्त जातं, हवा तेवढी नसते, काळा धूर निघतो आणि काटा चढायला लागतो.

उंचीमुळे दम लागतो असं तुमच्या मिस्त्रींनी सांगितलं, ते आपल्या घाटाला लागू नाही. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के घटते. रोहतांगला, जवळपास ४,००० मीटरवर, ती तिसऱ्या हिश्शाने कमी झालेली असते. कन्नडचा औट्रम घाट त्या मानाने ठेंगणा आहे. तिथे हवा पुरेशी आहे, चढ आणि वजन तेवढं खरं.

म्हणून पहिली सुधारणा फुकटातली. घाटाच्या पायथ्यालाच दुसरा गिअर टाका, चढ लागून गाडी अडखळायची वाट बघू नका. ताशी २५-३० ने चढा, एसी बंद, पेंड दुसऱ्या वाहनाने मागवा. काटा वर सरकायला लागला तर आतला हीटर पूर्ण सोडा आणि काचा उघडा. उन्हाळ्यात त्रास होईल, पण तो हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. तरीही सरकला तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका. माझ्या वडिलांची जीप मांजरसुंबा घाटात अशीच तापली होती. त्यांनी घाईने झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी मनगटावर आलं. तो डाग शेवटपर्यंत होता. हे वाक्य कृपा करून घरच्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

आता आजाराकडे. गॅरेजच्या यादीत हाफ इंजिनचं काम (म्हणजे इंजिन खोलून दुरुस्ती) ३२,०००, पंप आणि नोझल ११,०००, क्लच ७,०००, रेडिएटर-पाइप-थर्मोस्टॅट ५,००० आणि ब्रेक ३,००० असं आहे. मला खटकलं ते हे, की इंजिन खोलायचं ठरलं, पण कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर हवा किती जोराने दाबतो याची तपासणी) केल्याचा उल्लेख कुठेच नाही. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. ते एकमेकांच्या जवळ असतील, ऑइल दुधाळ झालेलं नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नसतील, तर इंजिन म्हातारं आहे एवढंच, त्याला ३२,००० चं ऑपरेशन नको. नोझलचंही तसंच, आधी एअर फिल्टर बदला आणि धूर बघा.

पण ब्रेक आणि रेडिएटरचे ८,००० उद्याच खर्च करा. यात मला काटकसर नको आहे. सगळे चढाबद्दल विचारतात, माणसं मात्र उतारावर जातात. तुमचा जाताना पूर्ण घाट उताराचा आहे. जुन्या ब्रेक ऑइलने ओलावा धरलेला असतो, ब्रेक सतत दाबून तापले की ते उकळतं आणि पेडल पोकळ जातं. नवं ब्रेक ऑइल, नवे पॅड आणि लायनर, आणि ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरण्याची सवय घरात कुणाला असेल तर ती आजपासून बंद. क्लचचे ७,००० इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं होत असेल तरच. यादीत नसलेलं एक काम मी घालते, टाइमिंग बेल्ट. शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर बदलून टाका. तो घाटात तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग खरोखरच इंजिन खोलावं लागतं. बेल्टला ५,००० धरा. क्लच धरून सगळं मिळून २०,०००.

टर्बोबद्दल थोडक्यात. कंपनीने दिलेल्या रचनेत मूलभूत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट दाखवेल, आणि २० वर्षं जुन्या हेड गॅस्केटवर (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो तिथलं सील) जास्तीचा दाब टाकणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

आता नव्या गाडीचा हिशेब, कारण मुलाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सहा लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता १२,६०० रुपये, वर्षाला १,५१,०००. पाच वर्षांत व्याजच दीड लाखाच्या वर. मुलगा म्हणतो डिझेल वाचेल. तुमचं फिरणं वर्षाला ७,००० किलोमीटर. जुनी गाडी १५ ची सरासरी देते आणि डिझेल ९० रुपये धरलं तर ४२,००० चं डिझेल. नवी पेट्रोल गाडी २० देईल, पेट्रोल १०५ धरलं तर ३६,७५० चं पेट्रोल. वर्षाला पाच हजारांची बचत, तीही दीड लाख हप्ता भरून.

त्याहून मोठी अडचण हप्त्याच्या चालीची आहे. हप्ता दर महिन्याला येतो, तुमचा पैसा अद्रक निघाल्यावर आणि मका-कापूस विकल्यावर येतो. जून-जुलैमध्ये बियाणं-खताला पैसे लागतात, तेव्हाही बँक १२,६०० कापणार. मग पीक कर्जाच्या भरण्याला हात लागतो. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून तुम्हाला ते शून्य टक्क्याने पडतं. गाडीच्या हप्त्यापायी ती मुदत चुकली तर ही सवलत हातची जाते. शेतकऱ्याला यापेक्षा स्वस्त पैसा कुणीही देत नाही. तो धोक्यात घालून साडेनऊ टक्क्यांचं कर्ज घेऊ नका.

आणि एफडी कशासाठी ठेवली होती, हे तुमच्याच पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे: "मुलाच्या ॲडमिशनसाठी." तो दोन वर्षांत बारावी होईल. शोरूमवाले सांगतात की जीएसटी उतरला आहे, आताच घ्या. लहान गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, हे खरं आहे. पण ती काही दिवाळीची सूट नाही, म्हणून त्यासाठी एफडी मोडायची घाई नको.

जुनी गाडी ठेवण्याचा खर्चही मांडते. येत्या नोव्हेंबरात आरसीची मुदत संपते. २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. थर्ड पार्टी विमा १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि जीएसटी, म्हणजे चार हजारांच्या आसपास. वरचं काम २०,०००. मोठं कार्य असेल, माणसं आणि सामान जास्त असेल, तेव्हा भाड्याची गाडी करा. वर्षाला चार फेऱ्या, ४,००० प्रमाणे १६,०००. बेरीज पन्नास हजारांच्या थोडी वर, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त फक्त पहिल्या वर्षीचं. (डिझेल गाडी दहा वर्षांनंतर चालत नाही असं कुणी सांगितलं असेल तर ते निर्बंध दिल्ली परिसरातले आहेत, आपल्याकडचे नाहीत.)

दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर गेली की गाडी विकावी, असं लोक सांगतात. तुम्हाला ५५,००० ला मागणी आली आहे, त्या हिशेबाने ५८,००० चुकीचे. मी तुलना वेगळी करते: हा खर्च मला दुसऱ्या सोयीच्या किती महिन्यांच्या खर्चातून वाचवतो? २०,००० म्हणजे नव्या गाडीचे दीड हप्ते. तेवढ्यात दोन वर्षं मिळणार असतील तर सौदा चांगला आहे. मात्र मर्यादा आजच वहीत लिहा. टेस्टमध्ये कॉम्प्रेशन गेलेलं निघालं, किंवा पुढे कधी हेड गॅस्केट उडालं, तर दुरुस्ती थांबवायची. मग विकायची किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन ठेव प्रमाणपत्र (गाडी स्क्रॅपला दिल्याचा दाखला) घ्यायचं, म्हणजे नवी गाडी घेताना रस्ता करात सवलत मागता येते. विकली तर आरसीवरचं नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नका.

दरम्यान अद्रकाचे पैसे आले की ६०,००० आणि मक्याचे आले की ३०,००० वेगळ्या खात्यात टाका. दोन वर्षांत १,८०,००० जमतात. त्यात जुनीचे पैसे घालून चार-पाच वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी थोड्याशा कर्जावर घेता येईल, एफडीला हात न लावता.

व्याह्यांसमोर मान खाली गेली, हे तुम्ही तीनदा लिहिलंय. ते मला कळतं. लेकीच्या सासरची माणसं गाडीत असताना रस्त्यावर उभं राहावं लागणं साधी गोष्ट नाही. पण त्या दिवशी गाडीत पाच माणसं होती, पेंड होती, एसी चालू होता आणि वर्षभर रेडिएटर साफ केलेला नव्हता. यातली एकही गोष्ट साडेआठ लाखांची नाही.

आईंचं वय ७६ आहे, त्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. तुमच्या मंडळींना अर्ध्या तिकिटात जाता येतं. पावसाळ्यात तरी त्या दोघींना एसटीने पाठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये याच घाटात दरडी कोसळल्या होत्या, त्यामुळे जोराचा पाऊस असेल त्या दिवशी लेकीला फोन करून फेरी पुढे ढकलली तर तिलाही बरंच वाटेल. चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचं म्हणता, तर गाडी नांदुरीलाच ठेवा. यात्रेच्या काळात वरचा रस्ता खासगी वाहनांना बंदच असतो, एसटीच नेते.

कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि टाइमिंग बेल्टची तारीख मिळाली की मला कळवा. आरसीच्या मुदतीआधी दोन महिने हातात राहतील अशा बेताने हे काम पोळ्यापूर्वी उरकून घ्या.