केंटची स्ट्रॉबेरी, मांद्र्याची शॅक आणि एकच विवरणपत्र

प्रश्न : मी गोव्यातल्या मांद्र्याचा. सीझनला किनाऱ्यावरच्या शॅकवर काम करतो. १२ मे २०२५ रोजी सहा महिन्यांच्या सीझनल व्हिसावर इंग्लंडमध्ये केंटला स्ट्रॉबेरी काढायला गेलो, ८ नोव्हेंबरला परत आलो. तिथे १०,९०० पौंड पगार झाला, त्यातून ५८० पौंड टॅक्स आणि ३७० पौंड नॅशनल इन्शुरन्स कापला. शॅकचे २०२५-२६ मध्ये ९० हजार रोख मिळाले. सोबतचे सांगतात, बाहेर होतास म्हणजे तू एनआरआय, टॅक्सही तिथेच कापला, आता इथे काही भरू नकोस. खरं का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : सोबतच्यांना पासपोर्टवरचे शिक्के मोजायला सांगा. जाण्याचा आणि येण्याचा दिवस भारतात धरला तर त्या आर्थिक वर्षात तुम्ही इथे १८६ दिवस होता. १८२ किंवा जास्त दिवस भारतात असलेला माणूस निवासी. निवासी माणसाची जगभरातली कमाई इथल्या विवरणपत्रात येते, केंटचीसुद्धा.

आधी तिकडचं बघू. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आणि करमुक्त मर्यादा १२,५७० पौंड. तुमचा पगार त्याच्या आत, तरी ५८० पौंड गेले. बहुधा वर्षाची पूर्ण मर्यादा न धरता, तोवरच्या आठवड्यांपुरताच तिचा हिस्सा धरून कर कापला. हे पैसे परत मिळतात. शेतमालकाने काम सोडताना दिलेला पगार-कराचा दाखला, म्हणजे पी४५, जोडून ब्रिटन सोडल्याचा पी८५ फॉर्म तिथल्या करखात्याकडे भरा, चार वर्षांची मुदत असते. नॅशनल इन्शुरन्स मात्र विसरा. ती तिथल्या सामाजिक विम्याची वर्गणी, प्राप्तिकर नव्हे, त्यामुळे दुहेरी कर टाळण्याच्या भारत-ब्रिटन करारात इथे तिची वजावटही नाही. तिथे खरोखर देणं असलेला कर भरला असता, तर फॉर्म ६७ भरून तो इथल्या करातून वळता करता आला असता. जो परत मिळणार आहे, त्यावर वजावट मागू नका.

आता इकडे. पौंडाचे रुपये स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) करायचे, पगाराच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर धरून. अंदाजाला ११५ घेऊ: १२,५३,५०० रुपये. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ११,७८,५००. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट, कर शून्य. पण शॅकचे ९० हजार मिळवले की १२,६८,५०० होतात. सीमांत सवलतीमुळे १२ लाखांच्या वरचे ६८,५०० एवढाच कर, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ७१,२४०. ९० हजार कमावून ७१ हजार सरकारला द्यायचे, हे तुम्हाला झोंबणार, मला माहीत आहे. पण ‘रोख आहेत, कुणाला कळणार’ हा सल्ला माझ्या टेबलावर मिळत नाही. अग्रिम कर (वर्ष चालू असतानाच भरायचा कर) भरला नसेल तर महिन्याला एक टक्का व्याजही वाढतंय, तेव्हा ३१ जुलैची वाट बघू नका.

फॉर्म आयटीआर-२ घ्या, आयटीआर-१ चालत नाही. पगारासाठी उघडलेलं तिथलं बँक खातं त्यातल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवा, शिल्लक चाळीस पौंड असली तरी. इथे हिशेब कॅलेंडर वर्षाचा, म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचा: वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक आणि शेवटची शिल्लक, रुपयांत. परदेशी खातं असलेल्या निवासी माणसाला उत्पन्न मर्यादेच्या आत असलं तरी विवरणपत्र भरावंच लागतं. २० लाखांच्या आतल्या, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेवरचा १० लाखांचा दंड ऑक्टोबर २०२४ पासून उठवला आहे. खातं दाखवायची सक्ती मात्र तशीच आहे.

ते खातं एवढ्यात बंद करू नका. रिफंड त्यात येऊ दे, मग बघा. २०२६ मध्ये ते उघडं होतं, म्हणून पुढच्या विवरणपत्रातही लागेल.