गेटवर गेलेला वेळ कोणाचा?

"मॅडम, गाडी थांबली की फोन येतो."

साताऱ्यात समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं मला आधीच कळतं. पुणे-बेंगळुरू महामार्ग आपल्या दारावरून जातो, त्यामुळे आपल्याकडे गावोगाव ट्रकचालक आहेत. फोन करणारा 'जेवलास का' म्हणून विचारत नाही. जीपीएसचा ठिपका का हलत नाही, हे त्याला हवं असतं. महिनाअखेरीला अ‍ॅप मार्क देतं. उशीर झाला की मार्क जातात. वेग वाढला, जोरात ब्रेक लागला, इंजिन चालू ठेवून गाडी उभी राहिली, तरी जातात. मग माणूस घरी आला तरी झोपत नाही, पोरांवर खेकसतो. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, आणि कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतं.

त्यांच्यातल्याच एकाची ही गोष्ट. त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना 'दादा' म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

दादा कोरेगाव तालुक्यातले, वय चाळिशीचं, गाडी चौदा टायरची. पहिल्या दिवशी वहिनीच बोलल्या. दादा मोबाइल तळहातावर उताणा धरून बसले होते आणि अंगठ्याने काच पुसत होते. काच स्वच्छ होती, तरी पुसत होते. तासाभरात ते एवढंच म्हणाले, "किणीचा टोल आठवतोय. तासवड्याचा न्हाई."

बेंगळुरूहून परत येतानाची गोष्ट. तासवडे टोलवर फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर होता, पहाटे ३ वाजून ५२ मिनिटांचा. म्हणजे किणी मागे पडल्यावर कराड गेलं, टोल गेला, गाडी चालत राहिली, आणि दादांच्या लेखी त्या वेळात काही घडलंच नव्हतं. ताशी ८० ने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर चालकाशिवाय. रात्री दोन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद काळ असतो, कितीही मुरलेला ड्रायव्हर असला तरी. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप पुढे ढकलली जाते, फिटत नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते, हा तिचा गाभा. त्यामुळे सुरुवातीला मीही दादांच्या 'पोचायलाच पाहिजे' मधल्या 'च' च्या मागे लागले. "नाही पोचलात तर काय होईल?" दादा म्हणाले, "मॅडम, तुमाला काय जातंय विचारायला? मार्क गेलं की बोनस जातो. दोन म्हैने लागोपाठ गेलं की दुसरा ड्रायव्हर." त्यांचं बरोबर होतं. ही भीती मनाने रचलेली नव्हती. अशा वेळी 'सकारात्मक राहा' म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही आवर्जून सांगते. चुकीची समजूत होती, पण ती दुसरीकडेच होती. ती सापडायला चार बैठका गेल्या.

पाचव्या वेळी मी त्यांना मागच्या ट्रिपची बिल्टी (माल भरल्याची पावती), पोच पावती, टोलचे मेसेज असं सगळं घेऊन यायला सांगितलं. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून आम्ही टेबलावर पसरलं आणि तास मांडत गेलो. चाक फिरत होतं तेव्हा निळी रेघ, गाडी दुसऱ्या कोणामुळे उभी होती तेव्हा लाल. रेघा दादांनीच ओढल्या. भरायला गाडी दुपारी दोनला गोदामाच्या गेटवर लागली, भरून निघाली रात्री साडेआठला. लाल. खाली करायला हमाल नाहीत, साडेपाच तास. लाल. झोपेला काळी रेघ ठरवली होती. ती दोन बोटंही भरली नाही.

मग मी एक साधं गणित घातलं. १८० किलोमीटर ६० ऐवजी ७० च्या सरासरीने गेलं तर किती वाचतं? दादांनी पेनाने हिशेब केला. सव्वीस मिनिटं. त्यांनी एकदा लाल रेघेकडे पाहिलं, एकदा त्या सव्वीसकडे.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला अनेक वर्षांच्या सरावाने जमलं आहे. शेवटी काळ्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "म्हंजे त्यांच्या गेटवर गेल्याला येळ म्या माझ्या डोळ्यातनं काढतोय."

मला जे सांगायचं होतं ते याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. निघायच्या क्षणापासून पोचायच्या क्षणापर्यंतचा प्रत्येक तास आपल्याच अंगावर आहे, असं दादा धरून चालले होते. त्यांच्या ताब्यात स्टिअरिंग आणि झोप या दोनच गोष्टी. दुसऱ्यांनी घालवलेला वेळ ते या दोनांतूनच भरून काढत होते.

मग त्यांनी आपल्या ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना सोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मुदत वाचली. 'बिल संपतंय' या धाकाने ते कित्येक रात्री पळाले होते. नियम २०० किलोमीटरला एक दिवस असा आहे. साताऱ्याहून बेंगळुरू सातशेच्या वर, म्हणजे चार दिवस. दादांनी तो आकडा दोनदा वाचला.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चालकाला आता मी हेच सांगते. गेटात गाडी लागल्याची आणि सुटल्याची वेळ लिहा, गेटपासचा फोटो काढा आणि तिथूनच मालकाला पाठवा. उशिराचं वाटेत फोन आल्यावर सांगाल तर ती सबब ठरते. निघायच्या आधी सांगितलंत तर ती माहिती असते. "साडेआठला सुटलोय, रात्री एक ते पाच गाडी उभी राहील, उद्या संध्याकाळी पोचेन", एवढंच, आवाज न चढवता. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे मागायलाही तोच फोटो उपयोगी पडतो. मागचा टोल कधी गेला ते आठवत नसेल, तर पुढच्या सुरक्षित जागी गाडी घ्या आणि वीस मिनिटं तरी डोळे मिटा, रात्रीची खरी झोप त्यानंतर आहेच. वहिनींनो, 'कुठवर आलात' च्या आधी 'झोप झाली का' विचारा.

आणि मालकांनो, १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती असं माप घालून दिलं. अ‍ॅपमध्ये उशिराचा रकाना आहे, तसा गेटवर खोळंबल्याचाही ठेवा. तो नसेल तर तुम्ही चालकाला मार्क देताय, हे मला मान्य नाही. ते मार्क गोदामाचे असतात.

दादांच्या पहिल्या मेसेजवर मालकाने शिव्या घातल्या. त्या महिन्याचा बोनसही गेला. तिसऱ्या ट्रिपला मालकाने स्वतःच विचारलं, "गेटपासचा फोटो कुठाय?" मार्क अजून वरखाली होतात. धडधड मात्र दीड महिन्यात थांबली.

शेवटच्या भेटीत फोन वाजला. दादांनी खिशातून काढून पाहिला, "दवाखान्यात हाय, गाडी उद्या भरायची हाय," असं सांगून परत खिशात ठेवला आणि चहा संपवला. उठताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, माझ्या भाच्याला घिऊन यिऊ का? सांगलीवरनं बेदाणा भरतोय. त्याला बी परवा टोल आठवंना."