सोलरची डीलरशिप घेऊ द्यावी का?

प्रश्न : मुलगा आयटीआय वीजतंत्री आहे, वय २१. छत्रपती संभाजीनगरला सौर उद्योगाची विभागीय परिषद भरली होती, तिथे मित्रांबरोबर गेला आणि सोलरमध्येच पडायचं ठरवून आला. एका स्टॉलवाल्याने त्याला तालुक्याची डीलरशिप देऊ केली आहे : दोन लाख अनामत, शिवाय आठ दिवसांचा पंचवीस हजारांचा कोर्स. आम्ही शेतकरी. दोन लाख म्हणजे यंदाचं सगळं सोयाबीन. बाजार खरंच एवढा वाढतोय का? धाकटी मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला या क्षेत्रात काही आहे का? (एक पालक, जि. लातूर)

नमस्कार.

अनामत देऊ नका, कोर्सचे पैसेही सध्या भरू नका. पण मुलाला सरसकट ‘नाही’ म्हणू नका, कारण क्षेत्र त्याने चुकीचं निवडलेलं नाही.

बाजाराबद्दल त्याने जे ऐकलं ते बहुतेक खरं असणार. देशाची सौरक्षमता जानेवारी २०२५ अखेर १०० गिगावॅटच्या पुढे गेली. आपल्याकडे काम तीन बाजूंनी येतंय. पहिली बाजू घरांच्या छतांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचं लक्ष्य आहे. अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,०००. दुसरी बाजू ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’, ज्यात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. तिसरी, मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.० : उपकेंद्रांच्या आसपास काही मेगावॅटचे प्रकल्प, ज्यांवरून शेतीचे फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या) दिवसा चालवायचे.

परिषदेच्या व्यासपीठावर आकडे मेगावॅटमध्ये सांगतात. नोकरी शोधणाऱ्याने ते छतांमध्ये मोजावेत. पाच मेगावॅटचा जमिनीवरचा प्रकल्प उभारताना काही महिने गर्दी असते; नंतर तिथे रखवालदार, पॅनेल धुणारे आणि एखाद-दोन तंत्रज्ञ एवढेच उरतात. तेच पाच मेगावॅट तीन-तीन किलोवॅटच्या छतांवर पसरले तर साडेसोळाशेहून जास्त घरं होतात. प्रत्येक घराची पाहणी, फाइल, स्ट्रक्चर, वायरिंग, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारा), आणि मग पाच वर्षांची देखभाल. तालुक्याच्या पातळीवर रोजगार आहे तो इथे.

आता डीलरशिप. सूर्यघरमध्ये ग्राहकाचा करार होतो तो नोंदणीकृत व्हेंडरशी, म्हणजे सोलर बसवून देणाऱ्याशी. व्हेंडर व्हायला महावितरणकडे नोंदणी आणि बँक हमी लागते. तुमच्या मुलाला जे देऊ केलंय ते बहुधा सब-डीलरचं काम असावं, म्हणजे गिऱ्हाईक आणून द्यायचं आणि कमिशन घ्यायचं. कागदावर देखभालीची जबाबदारी व्हेंडरची. पण इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) लाल दिवा लागला की गावातला माणूस तुमच्या दारात येणार, व्हेंडरच्या नाही. शिवाय अनामतीच्या बदल्यात माल उचलायला लावत असतील तर धोका वाढतो. पॅनेलचे भाव उतरत आले आहेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. गोदामात माल धरून ठेवण्याचा हा धंदा नाही. स्टॉलवाल्याला तीन गोष्टी लेखी विचारा : अनामत कधी आणि कोणत्या अटीवर परत, तुमची नोंदणी कोणत्या नावाने आहे, आणि आमच्या तालुक्यात बिघाड झाला तर किती तासांत कोण येईल. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल.

कारण कमतरता आहे ती विकणाऱ्यांची नाही, दुरुस्त करणाऱ्यांची. बसवण्याचा वेग इतका आहे की बारीकसारीक चुका तशाच राहून जातात आणि वर्षा-दोन वर्षांत वर येतात. वीजतंत्र्याला घरगुती वायरिंग येतं, पण छतावरची वीज डीसी असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी; घरातली एसी. साडेपाचशे वॅटच्या आसपासच्या पॅनेलचं उघड्या टोकांवरचं व्होल्टेज साधारण ५० धरा; सहा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग एक) जोडले की ३०० व्होल्ट, थंडीच्या सकाळी त्याहून थोडं जास्त. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीची विझत नाही. चालू स्थितीत एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारा प्लग) ओढला तर तो हातात जळतो. म्हणून क्रम ठरलेला : आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच), मग तारेभोवती क्लॅम्प मीटर लावून प्रवाह शून्य असल्याची खात्री, मगच कनेक्टरला हात. हा क्लॅम्प डीसी मोजणारा हवा. वीजतंत्र्यांकडे असतो तो बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो आणि छतावर खुशाल शून्य दाखवतो.

सर्वांत जास्त त्रास कनेक्टरच देतात. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी वरून ‘टक्’ आवाज करून बसतात, पण आतला संपर्क घट्ट नसतो. तिथे उष्णता साठते, प्लास्टिक वितळतं, कधी आग लागते. क्रिम्पिंग, म्हणजे तारेवर धातूची पिन दाबून बसवणं, साध्या पकडीने केलं तरी तेच.

दुसरी नेहमीची तक्रार : ‘दुपारी सोलर बंद पडतं.’ इथे लोक इन्व्हर्टर बदलून मागतात आणि कच्चा तंत्रज्ञ तो बदलूनही देतो. खरं कारण बऱ्याचदा ग्रिडचं, म्हणजे महावितरणच्या लाइनचं, वाढलेलं व्होल्टेज. दुपारी डीपीवर भार कमी, गल्लीतली पाच-सहा घरं एकदमच वीज बाहेर देताहेत. २३० चं २५५-२६० होतं आणि इन्व्हर्टर स्वतःला ग्रिडपासून तोडून घेतो. निदान सोपं आहे. इन्व्हर्टर वीज देत असतानाच त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजायचं, लगेच मीटरपाशी मोजायचं. फरक मोठा असेल तर आपली एसी केबल बारीक आहे किंवा सांधा सैल. मीटरपाशीच जास्त असेल तर तक्रार महावितरणकडे, रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) तपासायला सांगायचा. हे ज्याला कळतं त्याला व्हेंडर स्वतः फोन करतात.

तिसरी गोष्ट बिघाड नाहीच. लाइट गेली की बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलरही बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागेल. विकताना हे कोणी सांगत नाही आणि भारनियमनात भांडणं होतात.

फाइलचं कामही कमी लेखू नका. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात येतं, त्यामुळे नावात फरक असला की अडकतं. खेड्यात वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. आधी ते बदलायचं, मग अर्ज. पॅनेल डीसीआर हवेत, म्हणजे सेलसकट देशात बनलेले; स्वस्तात दुसरे बसवले तर पोर्टलवर अनुक्रमांक टाकतानाच गाडी अडते.

तर मुलाने काय करावं? शिकाऊ उमेदवारीचं वर्ष झालं नसेल तर ते आधी, महावितरणमध्ये मिळालं तर उत्तमच. डीपी, मीटर आणि फीडर तिथेच कळतात. तारतंत्री परवान्याचा अर्ज करावा. सोलरचं प्रशिक्षण हवं तर केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेला सूर्यमित्र अभ्यासक्रम आयटीआयवाल्यांसाठीच आखलेला आहे. त्याची तुकडी जवळ कुठे आहे ते पाहावं, आणि पंचवीस हजारांच्या कोर्सची तुलना त्याच्या अभ्यासक्रमाशी करावी. आठ दिवसांत मार्केटिंगच शिकवणार असतील तर उपयोग नाही. त्यानंतर निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा एखाद्या नोंदणीकृत व्हेंडरकडे नोकरी. पगार महिन्यावर आहे की किलोवॅटवर, अपघात विमा आहे का, छतावर हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) देतात का, हे रुजू होण्यापूर्वी विचारावं. हार्नेस न देणाऱ्याकडे जाऊच नये. पंपाचं काम मिळालं तर सोडू नये : तीन, पाच आणि साडेसात एचपीच्या पंपांनाही पाच वर्षांची दुरुस्ती बांधलेली असते, आणि कंट्रोलरचे एरर कोड वाचता येणारी माणसं तालुक्यात फार नसतात.

पैसा घालायचाच असेल तर हत्यारांत घाला. डीसी क्लॅम्प मीटर, १००० व्होल्टचा मल्टिमीटर, एमसी-फोरचं क्रिम्पिंग टूल, मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र), हार्नेस. दोन लाखांचा छोटा हिस्सा लागेल आणि ती हत्यारं कोणाकडे अडकून पडणार नाहीत.

परिषदेतून त्याने व्हिजिटिंग कार्डं आणली असतीलच. पॅनेलवाल्यांची बाजूला ठेवावीत. इन्व्हर्टर कंपन्यांच्या सर्व्हिस विभागाला फोन करून ‘लातूर जिल्ह्यात तुमची दुरुस्ती कोण पाहतं, तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षण कधी असतं’ एवढंच विचारावं. अशी प्रशिक्षणं या कंपन्या घेत असतात, कारण चुकीची जोडणी शेवटी त्यांच्याच वॉरंटीवर येते.

मुलीबद्दल. ‘रिन्यूएबल एनर्जी’ असं नाव असलेली पदवी शोधत बसू नका. साधी विद्युत शाखा घ्या, ती सोलर मंदावलं तरी चालते. सीईटीला चांगले गुण असतील तर इंजिनीअरिंग, नाहीतर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्या काळात ऑटोकॅड (आराखडे काढण्याचं) आणि पीव्हीसिस्ट (सोलर प्रकल्पाची वीज किती येईल ते मोजण्याचं) ही दोन सॉफ्टवेअर शिकली तर प्रकल्पाचं डिझाइन, सावलीचा अभ्यास, दुरून निरीक्षण अशी कामं मिळतात. साइटवर जायची तयारी असेल तर संधी आणखी वाढतात, आणि ती तयारी तिची आहे की नाही हे तिलाच विचारा. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची प्रवेशप्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय राबवतं. बारावीचा निकाल लागायच्या आत तिची जातीची आणि उत्पन्नाची कागदपत्रं काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांग असते.